हरलो आणि हरवलो

मुलगी कॉलेजच्या क्लब टीमकडून हॉकी खेळते. बर्फावरची हॉकी. तिच्यात चेंडूऐवजी रबराची काळी चकती असते, तिला पक म्हणतात. क्लब टीम म्हणजे विद्यापीठाची अधिकृत टीम नव्हे. स्कॉलरशिप नाही, बस नाही. रिंकचं, म्हणजे बर्फाच्या मैदानाचं, भाडं मुली वर्गणी काढून भरतात आणि सामन्याला आपापल्या गाड्यांनी जातात. मागच्या हिवाळ्याच्या शेवटी ही टीम पहिल्यांदाच क्लब टीम्सच्या राष्ट्रीय स्पर्धेला पात्र ठरली. मुलीने ती बातमी सर्वांत आधी आमच्या शेजाऱ्याला दिली.

शेजारी मूळचा नागपूरचा. इथे अमेरिकेत, ट्रॉय गावात, आमच्या घरापासून दोन घरं सोडून राहतो, गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे, एकटा असतो. मुलगी त्याला काका म्हणते. स्केटिंग तिला त्यानेच शिकवलं. मीही एकदा बर्फावर उतरलो होतो, मनगट प्लॅस्टरमध्ये घालून परत आलो. त्यानंतर सकाळच्या प्रॅक्टिसला तिला नेण्याचं काम काकाकडे गेलं. येताना दोघं कुठेतरी डोनट खात. दोघांच्या जॅकेटवर साखर दिसायची. काय खाल्लं विचारलं की दोघं एकदमच म्हणायचे, "काही नाही."

मी पुण्यात एका दैनिकाच्या क्रीडा पानावर उपसंपादक होतो. हॉकी माझ्याकडे असे, अर्थात मैदानावरची. पत्नीच्या नोकरीमुळे इथे आलो आणि आता घरी बसून वैद्यकीय उपकरणांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं करतो. खेळाची बातमी आपल्याला शेजाऱ्यानंतर कळते, ही गोष्ट क्रीडा पानावर काम केलेल्या माणसाला सहन होत नाही. आपल्याच मुलीची असेल तर मुळीच नाही.

स्पर्धा बाद पद्धतीची होती. सोळा टीम्स, जी हरली ती घरी. मुलीच्या टीमच्या मॅनेजरने घरच्या मंडळींसाठी एक चढाओढ ठेवली. पहिला सामना सुरू होण्याआधी शेवटपर्यंतच्या सगळ्या सामन्यांचे विजेते सांगायचे. कोण कोणाशी भिडणार याचा तो आडवा तक्ता असतो, त्याला इथे ब्रॅकेट म्हणतात. अंदाज बरोबर आला की गुण, पुढच्या फेऱ्यांना जास्त. ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्याने पुढच्या सीझनच्या पहिल्या सामन्यात बर्फावर जाऊन दोन्ही कॅप्टन्सच्या मधे पक टाकायचा. पुढच्या सीझनची कॅप्टन माझी मुलगी होणार होती.

मला तो पक टाकायचा होता. काकाने तो टाकू नये, हेही तितकंच हवं होतं.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी ब्रॅकेटसाठी 'कंस' हा शब्द सुचवला. या ग्रुपमध्ये पत्नी, मुलगी, मी आणि काका असे चौघं आहोत. काकाला कोणी घेतलं ते कोणीच सांगत नाही.

"कंस?" मुलीने व्हॉइस मेसेज पाठवला. "बाबा, तो कृष्णाचा ईव्हिल अंकल ना?"

"मामा होता तो," पत्नीने लिहिलं. "काका नव्हे."

"थँक्यू वहिनी," काकाने लिहिलं. "सुटलो."



माझा कंस मी शास्त्रशुद्ध भरला. प्रत्येक टीमचे सीझनभरातले निकाल पाहिले, कोणाची बचावफळी बरी, कोणाची गोलरक्षक जखमी, ते काढलं. काका संध्याकाळी चहाला आला आणि आमच्याच टेबलावर बसून कप संपायच्या आत सगळे अंदाज सांगून मोकळा झाला.

"हे कसं ठरवलंस?" मी विचारलं.

"कसं म्हणजे? आपली पोरगी फायनल जिंकून राहिली. बाकीचे कोणीही हरो, आपल्याला काय?"

'आपली पोरगी' हे शब्द त्याने उच्चारले तेव्हा पत्नी त्याच्या कपात आणखी चहा ओतत होती.

मी मुलीची टीम दुसऱ्या फेरीत बाहेर पडेल, असं दिलं होतं. समोर येणारी टीम सीझनभर कोणाला ऐकली नव्हती. क्रीडा पानावर आपल्या गावची टीम म्हणून कोणी जिंकत नसतं. मात्र मुदत संपताच सगळ्यांचे कंस सगळ्यांना दिसतात, हे मी नियमांत वाचलं नव्हतं. मुलीचा फोन आला.

"बाबा, तू मला सेकंड राउंडमध्ये हरवलंस?"

"मी नाही. आकडे तसं सांगतात."

"काकाने तर मला चॅम्पियन केलंय."

"त्याने काहीच पाहिलेलं नाही."

"मला पाहिलंय ना," ती म्हणाली, आणि तिला प्रॅक्टिसला जायचं होतं.

तिचं वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष होतं. हरवणे हे क्रियापद तिला क्वचित जमतं. लहानपणापासून ती हरलो, हरवलो, हरवलं यांचा घोळ घालते आणि मी तो दुरुस्त करतो. अमुक संघाने तमुक संघाला हरवले, असे मथळे मी वर्षानुवर्षं दिले आहेत. या क्रियापदाबाबत तरी घरात माझा शब्द शेवटचा असतो.

स्पर्धा दुसऱ्या राज्यात होती. कोणाचेच आईवडील येत नाहीत, तुम्हीही येऊ नका, असं मुलीने बजावलं होतं. पहिला सामना आम्ही आमच्या दिवाणखान्यात टीव्हीवर लावून पाहिला. एकच कॅमेरा, समालोचन नाही, फक्त स्केट्सची खरखर आणि कोणाची तरी ओरड. टीम जिंकली. फोन वाजला, तो काकाचा. तो माझ्याच सोफ्यावर बसून, माझ्याच टेबलावर पाय ठेवून म्हणाला, "काय खेळली तू! त्या तिसऱ्या गोलला मी उठून उभाच राहिलो." हे खरं नव्हतं. उभा मी राहिलो होतो.

"बाबाला देऊ?" काकाने विचारलं. तिने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. "बरं, बरं, पळ," असं म्हणून त्याने फोन ठेवला. "टीम जेवायला निघाली, संपादक. तुम्हाला हाय सांगितलंय." मी कधीही संपादक नव्हतो, हे त्याला माहीत आहे.

दुसरा सामना शनिवारी दुपारी होता. काका पोहे होणार हे हेरून आधीच हजर झाला होता. वेळ झाली तरी टीव्हीवर फक्त स्पर्धेचं चिन्ह दिसत होतं. प्रक्षेपणात बिघाड असणार, असा निष्कर्ष मी काढला. तिकडे सामना चालू असणार आणि आपल्याला दिसत नाही, इतकंच. बराच वेळ तसाच गेला. मग तिघांचेही फोन एकदम थरथरले. ग्रुपवर मुलीचा रोमन लिपीतला मेसेज होता.

Aamhi haravlo.

पत्नी 'अगं बाई' म्हणाली. माझा अंदाज बरोबर आला होता आणि काकाचा चॅम्पियन बाद झाला होता. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, आणि दोन्हींत बरं वाटणं आधी आलं. मी लगेच उत्तर लिहिलं: 'हरवलो नाही, हरलो. हरवलो म्हणजे रस्ता चुकलो. असो. चांगल्या खेळलात.'

माझ्या उत्तराच्या आधी काकाचं उत्तर तिथे पोचलेलं होतं. त्याने एकच शब्द लिहिला होता.

'कुठे?'

त्याचा फोन वाजला. त्याने तो स्पीकरवर टाकला.

"काका, आम्ही गोल गोल फिरतोय. त्या रिंकचं मशीन बिघडलं, मॅच दुसरीकडे हलवली. मॅनेजर फोन उचलत नाहीये. मॅप आम्हाला एका वेअरहाऊसला घेऊन आला."

"घाबरू नको. गाडीत कोण कोण आहे?"

"आम्ही चौघी. गोली पण आमच्यातच आहे."

"गोलकीपरच नाही, मग तर मॅच सुरूच होऊ शकत नाही. थांब, मी बघून राहिलो."

त्याने पोह्यांची बशी बाजूला सारली, माझा लॅपटॉप ओढला आणि स्पर्धेच्या पानावर नवा पत्ता शोधला. त्याच नावाची दोन रिंक्स होती, एक गावाच्या उत्तरेला आणि एक दक्षिणेला. तो तिला वळणं सांगत राहिला. मी शेजारी उभा होतो. स्क्रीनवर मलाही तेच रस्ते दिसत होते. एका सिग्नलला मी "आता डावीकडे" म्हणालो, त्याच क्षणी त्यानेही तेच सांगितलं, आणि ती म्हणाली, "ओके काका."

रिंक दिसल्यावर गाडीत एकच ओरडा झाला. फोन ठेवण्याआधी ती म्हणाली, "बाबाला सांग, मी बरोबर लिहिलं होतं."

"ऐकलं त्याने," काका म्हणाला. "तोंड पाहण्यासारखं झालंय."

पत्नी हसली. काकाने पोह्यांची बशी पुन्हा पुढ्यात घेतली.

थोड्या वेळाने टीव्हीवर सामना दिसू लागला. मुलीची टीम जवळजवळ सरावाशिवाय उतरली होती आणि तरीही शेवटपर्यंत बरोबरीत होती. जादा वेळेत समोरच्या टीमने गोल केला. मुलगी गुडघ्यांवर बसली, मग उठून आधी गोलीकडे गेली. माझ्या कंसात गुण जमा झाले असणार, ते मी पाहिले नाहीत. त्या गुणांचा पुढे उपयोगही झाला नाही. ती चढाओढ गोलीच्या आजीने जिंकली. तिने जर्सीच्या रंगांवरून टीम्स निवडल्या होत्या.

काकाने आपला फोन टेबलावर उलटा ठेवला होता, तो सुलटा केला. तो वाट पाहत होता. मीही त्याच्या फोनकडे पाहत होतो. वाजला तो माझा.

"बाबा," ती म्हणाली. "हरलो."

"हो."

"हरलो. बरोबर ना?"

"बरोबर," मी म्हणालो. पुढे सांगण्यासारखं बरंच होतं. तिने एक पास सुरेख दिला होता, तिसऱ्या सत्रात एक गोल तिच्या काठीने वाचवला होता, हे सगळं मी पाहिलं होतं. वाक्य जुळेपर्यंत तिने नाक ओढलं.

"काका आहे तिथे? दे ना."

मी फोन दिला. काका उठून खिडकीपाशी गेला. "अगं, रडून काय राहिली? तो गोल त्यांच्या बापाला तरी दिसला का? ... नाही, तुझा बाप खूश आहे, त्याचे पॉइंट आले ... हो, हो, इथेच आहे, मोजून राहिला."

ती हसली. खोलीच्या या टोकाला मला ते स्पष्ट ऐकू आलं. फोन माझा होता.