क्षमा मागायला मढला

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या, पहिल्या रविवारी घाटकोपरच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले, "या चाळीस दिवसांत चहा नि गोडधोड सोडून देवावर उपकार करू नका. जे करायला तुमचे पाय उचलत नाहीत, असं एकच काम करा. आत्म्याची वाढ तिथे होते."

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी सव्वीस वर्षांची, शाळेत शिक्षिका. पहाटे पाचला बायबल, शुक्रवारी उपास, रविवारी दुपारी आजाऱ्यांच्या भेटी. आपण आत्म्याने बऱ्यापैकी वाढलोय, असं मला वाटायचं. पण पाय उचलत नाहीत असं काम म्हटल्यावर एकच जागा डोळ्यांपुढे आली. मढ.

वर्सोव्याच्या खाडीपलीकडच्या त्या कोळीवाड्यात माझी मोठी बहीण राहायची. आम्ही प्रोटेस्टंट. ताईने मढच्या इनासशी, एका कॅथलिक मच्छीमाराशी लग्न केलं आणि बाबांनी तिला दार बंद केलं. पुढे आई आजारी पडली. चार महिने तिचं सगळं मी केलं. शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, "ताईला पत्र टाक गं. एकदा बघू दे मला." मी पत्र टाकलं नाही. टाकलं म्हणून सांगितलं. उशाशी बसायची मी, आणि आईचे डोळे मात्र दाराकडे. त्याचाच मला राग होता. आई गेली. कळवूनही आली नाही म्हणून बाबांनी ताईचं नाव घेणंच बंद केलं, आणि मी गप्प राहिले. त्याला चार वर्षं झाली होती.

शनिवारी सकाळी चर्चचं काम आहे असं बाबांना सांगून निघाले. दादरला गाडी बदलून अंधेरी, तिथून वर्सोव्याची बस, मग होडी. कोणी होडीने जाणार असाल तर भरतीची वेळ विचारून निघा. मी ओहोटीला पोचले आणि गुडघाभर चिखल तुडवला.

"चपला हातात घे, बाय," होडीवाला म्हणाला. "कोनाकडे?"

"इनासकडे. त्याची बायको माझी बहीण."

त्याने मला नीट न्याहाळलं. "कंदी बघितली नाय तुला."

पलीकडे उतरल्यावर वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून वाट जाते. उन्हात वास डोक्यात चढतो, पण दहा मिनिटांत सवय होते. ताई ओट्यावर मासळी साफ करत होती. मला बघून उठली नाही. "आधी पाय धू," एवढंच म्हणाली. मग तांदळाची भाकरी आणि कालवण वाढलं. इतकं चवीचं जेवण, पण मी दोनच घास खाल्ले.

ताट बाजूला सारून मी सगळं सांगितलं. आईने काय मागितलं, मी काय केलं. ताईचे हात थांबले.

"दाराकडे बघत होती?"

"दोन दिवस."

"आणि मला महिन्याने बाजारात कळलं. एका परक्या बाईकडून." तिने हातातली मासळी टोपलीत टाकली. मग विचारलं, "बाबांना सांगितलंस?"

"नाही."

"चर्चमध्ये?"

"नाही."

"म्हणजे जिथे तुझी अब्रू आहे तिथे गप्प, आणि खाडीपलीकडे येऊन रडतेस. क्षमा माझ्याकडून हवी, म्हणजे तुझी प्रार्थना नीट व्हायला लागेल. माझ्यासाठी आलीस का तू, लीला? का स्वतःसाठी?"

ती आत गेली ती बाहेर आलीच नाही.

होडीपर्यंत इनास सोडायला आला. भला माणूस. वाटेत म्हणाला, "ती दरवर्षी आईच्या नावाने चर्चात मिस्सा ठेवते, तिच्या आत्म्यासाठी. आई गेली ती तारीख म्हाईत नाय, म्हणून अंदाजाने." मी तारीख सांगितली. त्याने ती दोनदा पुटपुटून पाठ केली.

संध्याकाळी घरी पोचले, तेव्हा बाबा खिडकीशी बायबल वाचत होते. पायांवरचा सुकलेला चिखल तसाच होता. उभ्यानेच सांगून टाकलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला, घडी घातली, आणि विचारलं, "होडी किती वाजता असते?"

"भरती सकाळी नवाच्या सुमाराला. मी येते बरोबर."

"तू येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी रविवार. जन्मात पहिल्यांदा बाबांनी उपासना चुकवली. मी एकटी चर्चला गेले आणि सगळ्यांसमोर उभी राहून तेच पुन्हा सांगितलं. आजाऱ्यांच्या भेटींसाठी मला नेहमी हाक मारणाऱ्या दोघी त्या दुपारी मला न सांगताच निघून गेल्या.

आता मढला बस थेट जाते. पाळकसाहेब बरोबर बोलले होते, वाढ तिथेच होते. ती झाल्यावर बरं वाटतं, असं मात्र ते म्हणाले नव्हते. त्या नाताळपासून ताई घरी येऊ लागली. इनास यायचा, पोरं यायची, बाबा त्यांना मांडीवर घेऊन बसायचे. मी चहा नेऊन दिला की ताई हसून म्हणायची, "थँक्यू हं, कशाला त्रास घेतलात?"

मला ती तेव्हापासून अहोजाहोच करते.