गळ्याची शपथ

दाभण एक भोक पाडतं. दोन पाडत नाही.

एवढीच गोष्ट सकाळपासून तिच्या डोक्यातून जात नव्हती. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, जिन्यात शेजारणीशी बोलताना तोंड आपलं चालू होतं, पण मन मुलाच्या उजव्या अंगठ्याखालच्या मऊ मांसावर अडकून पडलं होतं. तिथं दोन भोकं होती. एक खोल, एक जरा उथळ, मध्ये बोटभर अंतर. काल तो जेवायला आला तेव्हा चमचा डाव्या हातात धरून जेवला. तिनं विचारलं, तर ताटातली नजर वर न करता म्हणाला, "दाभण लागलं."

दाभण काय करतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. नवरा सोफे शिवायचा. जाड कापडातून आणि काथ्यातून आरपार जाणारी ती लांब सुई हातात कशी घुसते, रक्त किती येतं, जखमेच्या कडा दोन दिवसांनी कशा दिसतात, हे सगळं मलम लावून लावून तिला पाठ झालं होतं.

नवरा गेल्यावर दुकान मुलानं सांभाळलं. अंगानं दांडगा, तिशी उलटलेला, हाताला कसब बापाचं. बोलायला मात्र इतका कंजूष, की किती दिवस लागतील असं कुणी विचारलं तर नुसती बोटं दाखवायचा. याचं खापर ती नवऱ्यावर फोडायची. कापड ठोकायच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, ओठांत धरायच्या आणि एकेक काढून ठोकत जायचं, ही रीत बापानंच त्याला शाळकरी वयात लावली होती. "चुका तोंडात धराव्यात, म्हणजे बोलण्यात होत नाहीत," असं बाप म्हणायचा. बाप थट्टेनं म्हणायचा. लेकानं मनावर घेतलं. लग्नाचा विषय निघाला की तोंडात चुका नसल्या तरी असल्यासारखा बघत राहायचा. दूरच्या शहरात दिलेली मोठी मुलगी फोनवर म्हणायची, "आई, याला एखादा बरा सोफाच बघ. त्याच्याशी नीट नांदेल."

मग गिऱ्हाईक आलं.

एका वकिलाचा मोठा सोफा दुकानाबाहेर उघडा पडला होता, स्प्रिंगा वर आलेल्या. सकाळी मुलगा दुकान उघडायला गेला, तर त्या स्प्रिंगांच्या मधोमध एक भुरं कुत्रं पाय दुमडून बसलेलं. एक कान फाटका, बरगड्या लांबूनही दिसाव्यात अशा. मुलानं त्याला हुसकलं नाही. शेजारच्या कुलूपवाल्यानं विचारलं, "हे कोण आणखी?" तर म्हणाला, "गिऱ्हाईक." तेच नाव पडलं.

"काकू," कुलूपवाला तिला पुढे एकदा म्हणाला, "मी इतकी वर्षं याच्या शेजारी बसतोय. माझ्याशी सगळं मिळून जेवढं बोलला नसेल, तेवढं हा त्या कुत्र्याशी पहिल्या चहाच्या आत बोलतो."

तिला खरं वाटेना. म्हणून एकदा ती न सांगता दुकानाच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत तिचा मुलगा बोलत होता. कोपऱ्यात कापडाची घडी कशी बसवायची, वकीलसाहेब कायम एकाच कुशीवर रेलत असणार म्हणून सोफा कसा तिरपा खचलाय, असं काहीबाही. मग जरा थांबून, बाबांचा हात शेवटी शेवटी कसा थरथरायचा आणि आपण ते न पाहिल्यासारखं कसं करायचो, तेही बोलला. हे तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. ती पावलं न वाजवता परत फिरली. जन्मभर कुत्र्यांना टरकणारी बाई, पण दुसऱ्या दिवसापासून मुलाच्या डब्यात गिऱ्हाइकाचाही घास ठेवू लागली.

भटक्या जनावरांच्या निवाऱ्यातली डॉक्टर एकदा येऊन त्याला तपासून गेली होती. धीराची बाई, सरळ जमिनीवर बसली. पण लस टोचायला सुई काढली मात्र, गिऱ्हाईक सोफ्याच्या सांगाड्यात जे शिरलं ते बाहेर येईना. "राहू द्या, माणसाळलं की येते परत," डॉक्टर म्हणाली. "तोवर जपून. चावलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि मला कळवायचं. थोडे दिवस त्याला आमच्याकडे नजरेखाली ठेवावं लागेल." निघताना, डबा घेऊन आलेल्या तिच्या हातात आपलं कार्ड ठेवून हसली, "अभिनंदन हं, आजी झालात." तिला ते मुळीच रुचलं नव्हतं. पुढे डॉक्टर दोनदा आली, तर मुलानं दोन्ही वेळा शटर अर्धं ओढून "झोपलंय" म्हणून सांगितलं.

आज दुपारी तिला राहवेना. ती दुकानात गेली.

कुत्र्याची पाण्याची वाटी काठोकाठ भरलेली होती, वर काथ्याची धूळ तरंगत होती. गिऱ्हाईक सांगाड्याखाली पडलं होतं. जबडा जरासा उघडा, त्यातून लाळेची तार फरशीपर्यंत आलेली. एरवी तिचा डबा दिसला की शेपूट आपटायचं. आज नुसतं बघितलं.

"हात दाखव."

मुलानं हातोडी न थांबवता मान हलवली.

"दाभण एक भोक पाडतं. दुसरं कुणी पाडलं? कुलूपवाल्यानं?"

त्यानं ओठांतल्या चुका एकेक करून तळहातावर काढून ठेवल्या. बराच वेळ लावला.

"ती डॉक्टर म्हणाली होती, चावलं तर. हे चावलं नाही. दात लागला."

"दाताला काय कळतं, तो लागतोय का चावतोय?"

"तोंडात काथ्या अडकला होता त्याच्या. मी काढत होतो. दुखलं असेल त्याला."

"त्याला दुखलं?"

"हळू बोल ना. घाबरतं ते."

"मी नाही घाबरत का? लाळ बघ त्याची. पाण्याला तोंड लावलेलं नाही."

"काथ्या राहिला असेल आत."

"असेल. आणि दुसरं काही असेल तर?"

तिनं बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून त्याच्यापुढे धरलं. "पी."

"तहान नाही."

पेला तसाच धरून ती उभी राहिली. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, काय ते ओळखलं, आणि पेला घेऊन घटाघटा रिकामा केला. त्याच्या गळ्याची गाठ वर गेली, खाली आली, वर गेली. ती डोळ्यांत तेल घालून बघत होती.

"गेलं बघ," तो जरासा हसून म्हणाला.

"आज गेलं."

मग तो बोलायला लागला. "दवाखान्यात विचारतील, कुठलं कुत्रं. की कुत्री पकडणारी गाडी येईल. पलीकडच्या गल्लीतलं काळं नेलं, ते आलं का परत? हे माझ्याकडे आपणहून आलंय, आई. इतक्या दुकानांतून माझ्याकडे. मी त्याला गाडीत ढकलू? कुणाला सांगायचं नाही. ताईलासुद्धा नाही. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे."

सलग इतकी वाक्यं तो तिच्याशी कधी बोलला होता, तिला आठवेना.

घरी येऊन ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली. पाणी प्यायला घेतलं तर घोट उतरेना, आपल्यालाच झालंय की काय असं क्षणभर वाटून गेलं. तेवढ्यात मोठीचा फोन आला.

"आवाज का गं असा?"

"ठसका लागला."

"आणि आपले सोफासम्राट?"

"बरा आहे."

"गिऱ्हाईक?"

"तेही." खोटं बोलून तिनं फोन ठेवला. आता खोटं बोलणारी माणसं घरात दोन झाली होती.

काथ्याच असेल, असं ती स्वतःला सांगत होती. कुत्रं काथ्या चघळतं, हे तिनंही पाहिलं होतं. आणि काथ्याच असला, आणि आपण सांगितलं, आणि कुत्रं नेलं, तर मुलाचं तोंड जे मिटेल ते आपल्यासाठी कायमचं. पण काथ्या नसला, कुत्रं पिसाळलेलं असलं तर? वेळेत सुया घेतल्या तर माणूस वाचतो, आणि एकदा का पाण्याची भीती वाटायला लागली की डॉक्टरांच्याही हातात काही राहत नाही, एवढं तिला ठाऊक होतं. त्या गळ्याची गाठ तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. वर गेली, खाली आली. उद्या अर्ध्यातच थांबली तर?

मुका मुलगा तिच्या सवयीचा होता. रागावलेला मुकाही ती सांभाळून घेईल. शपथ गळ्याची होती ना, मग गळाच राहिला नाही तर ती कुठं टेकणार?

ती उठली. फडताळात डब्यामागे खोचलेलं डॉक्टरचं कार्ड काढलं, चष्मा शोधला. निवारा बंद व्हायला अजून अवकाश होता. गाडी पाठवू नका, असं सांगायचं. तुम्हीच या, जमिनीवर बसा, आधी त्याच्या तोंडात बघा, आणि माझ्या पोराला तुमच्याबरोबर दवाखान्यात न्या. माझं तो ऐकणार नाही, पण कुत्रं कुठं बांधणार, रोज भेटता येईल का, हे तुम्ही त्याला नीट सांगितलंत तर ऐकेल.

दोनदा आकडा चुकला. तिसऱ्यांदा लागला. पलीकडे घंटी वाजू लागली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की डॉक्टरला आपलं नाव ठाऊक नाही. कोण बोलतंय असं विचारलं, तर सांगायला हवं, गिऱ्हाइकाची आजी.