शेजारच्या गावचे सोयादूध

सोयादुधाच्या यंत्रासाठी मी गुढीपाडव्याला अर्ज केला, अक्षय्यतृतीयेला स्मरणपत्र, पोळ्याला तक्रार. ते मिळवून देण्यास जबाबदार दोघे: आमचे ग्रामसेवक आणि जिल्ह्याचे योजना अधिकारी. तरीही यंत्र शेजारच्या गावातील महिला बचतगटास मिळाले.

दोन्ही गावांचा एसटी थांबा एकच आणि यंत्र त्याच्या समोरच असल्याने ते चालवणारी बाई मला रोज दिसते. नाव मी विचारलेले नाही. भिजलेले सोयाबीन ती गरम पाण्यात दळते, वाफेत नाक घालून उग्र वास राहिला का ते पाहते, पहिला पेला स्वतः पिते आणि मगच अंगणवाडीच्या मुलांना देते. आमची मुले थांब्यावरून नुसती पाहतात.

काल ती यंत्राला लिंबू-मिरची बांधत होती. मला म्हणाली, "आजोबा, हे तुमच्याचसाठी हाये. रोज डोळे वटारून पाह्यता, एखांद्या दिवशी माह्यं दूध नासन!" मग पेला पुढे केला. "घ्या, प्या. म्हंजे नजर उतरन."

कायदा नजर मानत नाही. मी प्यालो. दूध उत्तम होते, म्हणून हेवा अधिकच वाढला.

त्या बाईविरुद्ध माझी तक्रार नाही. आमच्या मुलांच्या हाती हा पेला का नाही, याचे उत्तर त्या दोघा जबाबदारांनी ग्रामसभेत, त्या मुलांसमक्ष, उभे राहून द्यावे.