पोळ्याचं तोरण आणि मास्तरांची चावी

मार्तंड मास्तरांनी आण्णासाहेब पाटलांकडून ज्वारीचं पोतं घेतलं आणि नारायणरावांचा बैल फोटोतून गायब केला, अशी आवई जळकोटात उठली होती. कुठून उठली ते विचारू नका. आमच्या ओट्यावर बसणाऱ्यांची नावं घ्यावी लागतील. खरं सांगायचं तर पोतं सोडा, मास्तर पाटलांच्या घरचा चहासुद्धा घेत नसत, नारायणरावांना राग येईल म्हणून. आणि नारायणरावांकडं सुपारीला हात लावत नसत, पाटलांना कळेल म्हणून. पाटील शाळेच्या समितीवर, आणि मास्तरांचं बिऱ्हाड नारायणरावांच्या खोलीत. एक रुसला तर नोकरी जाणार, दुसरा रुसला तर छप्पर.

आपला जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षीचा हा पोळा. वेशीपुढच्या चौकात आंब्याच्या पानांचं मोठं तोरण बांधायचं, त्याखालून एका वर्षी पाटलांचा बैल पहिला जायचा, दुसऱ्या वर्षी नारायणरावांचा. आदल्या वर्षी पाळी नारायणरावांची होती. पण जनावरांत खुरकताची साथ आली, तोरणच बांधलं नाही.

"पाळी गेली ती गेली," पाटील म्हणाले.

"तोरणच न्हाय, तर पाळी जाईल कशी?" नारायणराव म्हणाले.

काठ्यांना तेल लागायला लागलं, तेव्हा म्हातारे शरणबसप्पा मधी पडले. "औंदा पयला कुणीच न्हाय. दोघांचे बैल एकेकटे तोरणाखाली हुबे करा. मास्तर दोन फोटू काढत्याल, ज्यानं त्यानं आपापल्या भिंतीला लावा. मग तोरण म्या तोडतो, समदी जनावरं एकदम सोडा."

सगळ्यांना पटलं. मास्तरांना कुणी विचारलंच नाही. गावात कॅमेरा एकच, सोलापूरच्या जुन्या बाजारातून आणलेला त्यांचा काळा डबा.

पोळ्याच्या दुपारी आभाळ भरून आलेलं. मास्तरांनी शाळेचं स्टूल चौकात ठेवलं, त्यावर डबा. डावीकडच्या आळीतून पाटलांचा पांढराफेक खिलार आला, शिंगांना बेगड, अंगावर झूल. मास्तरांनी कळ दाबली. लगेच उजवीकडून नारायणरावांचा लाल कंधारी. "मास्तर, बाशिंग येऊ द्या बरं का!" "मास्तर, उजेड चाललाय!" मास्तरांनी पुन्हा कळ दाबली. शरणबसप्पांची काठी पडली, तोरण तुटलं, चौकात नुसती धूळ आणि घुंगरं.

त्या धुळीत मास्तरांनी डबा उचलला आणि आठवून बघितलं. दोन फोटोंच्या मधी रीळ पुढं सरकवायची चावी फिरवली होती का?

डब्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीत सहाचा आकडा दिसत होता. पण पोळ्याआधी तिथं पाच होता की सहाच? पाच असेल तर निभावलं. सहा असेल तर दोन्ही बैल एकाच फोटोत, एकमेकांच्या अंगावर. उघडून बघावं, तर उजेड लागून सगळंच पुसलं जाणार.

रीळ मोटारीच्या ड्रायव्हरच्या हाती सोलापूरला धुवायला गेलं. मास्तर आठ दिवस जेवले ते नुसतं ताटाकडं बघत. वर्गात पाढे म्हणून घेताना सहाशी आले की थांबत.

"कडी लावली का ते तीनदा उठून बघता," मास्तरांच्या पत्नी शामलाबाई म्हणाल्या, "आन् चावी एकदा फिरवली का ते आठवंना?"

"नारायणराव आज अंगणात काही बोलले?"

"बोलले की. खिळा ठोकून ठेवलाय म्हणाले, फोटोसाठी."

मास्तरांनी ताट सारलं.

नवव्या दिवशी पाकीट आलं. मास्तरांनी ते शरणबसप्पांच्या ओट्यावर, दोन्ही मानकऱ्यांसमोर फोडलं. फोटो शरणबसप्पांनीच ओढून घेतला.

तोरण कसं आलं होतं म्हणता! पानन् पान मोजून घ्यावं. आणि त्याखाली एकच बैल. त्याला डावीकडं एक तोंड, उजवीकडं एक तोंड. अंग निम्मं पांढरं, निम्मं सावळं. शेपूट कुठंच नाही.

शरणबसप्पा खोकल्याचं निमित्त करून भिंतीकडं वळले.

"ह्यो कुणाचा बैल म्हणायचा?" पाटील गरजले. "शाळेत पोरांना बी असंच शिकवता व्हय? समितीत बघतो तुमच्याकडं!"

"आन् खोली रिकामी करा," नारायणराव म्हणाले. पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं. "न्हायतर आमचे फोटू नीट काढून द्या. दोन, निरनिराळे!"

आठ दिवस ज्याची धास्ती घेतली, ते एका दमात दोन्हीकडून येऊन पडलं. मास्तरांनी उपरण्यानं कपाळ पुसलं, फोटो परत घेऊन खिशात घातला आणि म्हणाले,

"काढून देतो की. पण तोरण आता पुढच्या पोळ्यालाच बांधलं जाईल. तोवर मला कुणी शाळेतून काढलं नाही आणि खोलीतून काढलं नाही, तर कॅमेरा या गावातच असेल."