तिसऱ्या रांगेतून उठणारा माणूस

"खेळ चालू असताना जो खुर्चीतनं उठतो, त्याच्या पोटात मूत नसतं, पाप असतं," असं शहाता म्हणायचा. नुसतं म्हणून गप्प बसायचा नाही. उठलेल्याच्या मागोमाग मुतारीपर्यंत जायचा आणि दाराला कान लावून उभा राहायचा. आवाज आला तर माणूस खरा. नाही आला तर मग त्या माणसाची काही धडगत नसायची.

अलेक्झांड्रियात समुद्राच्या रस्त्याला आमचं उन्हाळी थिएटर. शहाता तिथं लोकांना जागा दाखवायचा. अंगात पांढरा कोट, हातात बॅटरी. बाजूच्या दाराशी माझी चहाची टपरी. उम्म रिदा, म्हणजे रिदाची आई, म्हटलं की कोणीही दाखवील. दाराचा पडदा जरा सरकवला की मला टपरीतून रंगमंचही दिसतो आणि पुढच्या रांगाही.

शहाता मूळचा दक्षिणेकडच्या खेड्यातला, सोहागकडचा. ज्वानीत इथल्या सूतगिरणीत आला, गिरणीतून थिएटरात. सगळी हयात शहरात गेली तरी बोली गावाकडची राहिली, आणि संशयही गावाकडचाच. टोपली घेऊन आलेल्या बाईला दारातच अडवायचा.

"ह्यात काय हाय?"

"द्राक्षाच्या पानातला भात आहे, काका."

"वास तर कोंबडीचा येतुया."

शेजारी बसलेलं जोडपं एकमेकांशी बोलत नसेल तर ते नवराबायको आहेत असं तो धरून चालायचा. हसून बोलायला लागले की त्याची बॅटरी त्यांच्यावर. खेळाच्या मधे बाहेर गेलेल्याला तो टाळी पडेपर्यंत आत सोडत नसे. मग तो डॉक्टर असो नाहीतर पोलिसातला कर्नल.

उठणाऱ्यांचा समाचार घेणारा आणखी एक जण होता, तो म्हणजे खुद्द उस्ताद वग्दी. नाटक मंडळी त्यांचीच, विनोदी कामंही त्यांचीच. कोणी उठलं की ते चालतं नाटक थांबवायचे. "कुठं निघाला साहेब? सासू बाहेर उभी आहे का?" लोक खुर्च्यांवरून पडेपर्यंत हसायचे. उस्तादांच्या तोंडून दोन टोमणे खायला मिळावेत म्हणून काहीजण मुद्दाम उठायचे. पण असे लोक कुठंही उठतात, मनाला येईल तेव्हा.

त्या उन्हाळ्यात तिसऱ्या रांगेच्या कडेला एक तपकिरी कोटवाला बसायला लागला. तो उठायचा तो नेमका एकाच जागी. दुसऱ्या अंकात कोर्टाचा प्रवेश होता. आरोपीच्या पिंजऱ्यात उस्तादांचं लांबलचक भाषण, त्यात "न्यायमूर्ती, माझा पहिला साक्षीदार" असं म्हणून ते हात वर करायचे, आणि हा गडी उठायचा. रोज तिथंच. उस्ताद त्याला झोडपायचे, लोक हसायचे, तो खाली मान घालून बाहेर जायचा.

एक दिवस उस्ताद भडकले. सगळ्या मंडळींसमोर शहाताला बोलावलं.

"हा पलीकडच्या थिएटरनं पेरलेला माणूस आहे. माझं भाषण मोडायला. रोज एकाच वाक्याला कोणाला लागते रे?"

"मलाबी त्योच डाउट हाय, उस्ताद. मुतारीत आवाज न्हाई त्याचा."

"मग इतके दिवस गप्प का? कोणी पाठवलाय ते गुरुवारपर्यंत शोध. नाहीतर कोट काढ आणि घरी बस."

शहाता माझ्याकडे येऊन बसला. चहावर साय धरली तरी पेला उचलेना. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकच लेक, ती दमनहूरला दिलेली.

"उम्म रिदा, घरी बस म्हंजे कुठं? जावयाच्या दारात? त्यो मानूस भाकरीकडं बघून मग माझ्याकडं बघतो."

"शोध की मग. संशय घेण्यात तुझा हात कोण धरणार?"

"तूबी त्याला चहा देतीस. काय बोलतो तुझ्याशी?"

"साखर जास्त टाक म्हणतो. जा, पकड मला."

गुरुवारी त्यानं डाव टाकला. माणूस उठल्यावर नाही, उठायच्या आधीच धरायचा. कोर्टाचा प्रवेश सुरू झाला तसा तो अंधारात वाकून तिसऱ्या रांगेशी गेला, त्या माणसाची बखोट धरली आणि बाजूच्या दारानं थेट माझ्या टपरीवर आणून उभा केला. प्रेक्षकांना पत्ता लागला नाही.

"नाव?"

"सनूसी. काका, सोडा मला, वेळ झाली."

"कसली येळ? कुनी धाडलंय तुला?"

"नंतर सांगतो, आत्ता आत जाऊ द्या."

"आत कोन हाय तुझं?"

तेवढ्यात आतलं बोलणं थांबलं. हशा नाही, टाळी नाही, नुसतं थांबलं. मी पडदा सरकवला. उस्ताद पिंजऱ्यात हात वर करून उभे होते. "माझा पहिला साक्षीदार," ते म्हणाले. परत म्हणाले. पुढं काही येईना. रंगमंचाच्या पुढच्या खोक्यात बसलेल्या प्रॉम्प्टरनं कासवासारखी मान बाहेर काढलेली. तो ओठ हलवत होता, पण मोठ्यानं सांगावं तर पहिल्या रांगेला ऐकू गेलं असतं. उस्तादांच्या खऱ्या बायको मादाम इन्शिराह नाटकातही त्यांच्याच बायकोचं काम करायच्या. त्या उस्तादांकडे बघत नव्हत्या. तिसऱ्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होत्या.

सनूसी रडकुंडीला आला. "मादामनी बसवलंय मला. मी त्यांचा चुलतभाऊ. इथून पुढचं उस्तादांना आठवत नाही हो! मी उठलो की ते मला झोडपतात, लोक हसतात, आणि त्या गलक्यात प्रॉम्प्टर ओरडून सांगतो."

"आन् उस्तादला हे ठाव न्हाई?"

"कळलं तर ते परत तोंडाला रंग लावायचे नाहीत. मादामनी शपथ घातलीय."

शहातानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "खोटं निघालं तर समुद्रात बुडवीन," म्हणाला. आत कोणीतरी एकट्यानं सावकाश टाळी वाजवायला सुरुवात केली होती, चिडवण्यासाठी. शहाता आत शिरला.

ज्यानं जन्मात कोणाला खेळाच्या मधे हलू दिलं नाही, तो शहाता पेटती बॅटरी घेऊन पहिल्या रांगेच्या पुढून, अगदी रंगमंचाखालून, दणादणा चालत निघाला.

उस्तादांची नजर पडली. चेहऱ्यावर रक्त परत आलं.

"शहाता! अरे, कुंपणच शेत सोडून पळालं की काय? तू कुठं?"

"मुताया, उस्ताद!"

थिएटर हशानं दणाणलं. बायका डोक्यावरच्या रुमालात तोंड खुपसून हसल्या. "आणि बॅटरी कशाला? सापडत नाही?" उस्ताद म्हणाले, आणि दुसरी लाट आली. त्या लाटेत प्रॉम्प्टर घसा फाडून ओरडला. उस्तादांनी हात खाली घेतला, साक्षीदाराचं नाव घेतलं आणि भाषण शेवटपर्यंत नेलं. सनूसी मात्र तोवर समुद्राच्या रस्त्यानं पसार झाला होता.

खेळ सुटल्यावर मी चहा घेऊन उस्तादांच्या खोलीत गेले तेव्हा शहाता समोर उभा होता. मादाम आरशापुढं बसून एकच भुवई पुसत होत्या.

"कोण होता तो?" उस्तादांनी विचारलं.

"त्याला लघवीचा आजार हाय, उस्ताद."

"रोज एकाच वाक्याला?"

"लघवीला काय ठाव वाक्य कुठलं त्ये."

"आणि तुला? तुलाही तोच आजार?"

मादामचा हात थांबला.

"तू खोटं बोलतोयस."

"व्हय, उस्ताद."

"कोणासाठी?"

शहातानं बॅटरी बाहीला पुसून टेबलावर ठेवली. उस्ताद म्हणाले, "कोट काढून खुंटीला लाव." शहातानं लावला. मादामनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यानं डोळ्यांनीच दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बोचकं घेऊन टपरीवर आला. दमनहूरची गाडी धरायची होती. तिकीट खिडकीवरच्या कारकुनानं त्याला हाक मारली. "शहाताकाका, तुमच्या नावाचं तिकीट आहे. आजच्या खेळाचं. पूर्ण महिन्याचीच काढून ठेवलीत."

शहातानं तिकीट उलटसुलट करून पाहिलं. तिसरी रांग, कडेची खुर्ची.

"कुनी काढलं?"

"सांगायचं नाही म्हणालेत."

"मादामनी?"

"मादाम कधी तिकीट काढतात का? फुकट मागतात."

शहाता माझ्याकडे वळला. "मग कोन? उस्तादनं? आन् ज्यानं हाकललं त्योच बोलावतोय, आसं कसं? ह्यात काहीतरी हाय. तू तर काय बोलली न्हाईस न्हवं?"

"गाडी चुकेल तुझी," मी म्हटलं.

गाडी चुकलीच. संध्याकाळी तो तिसऱ्या रांगेत बसला, अंगात स्वतःचा जुना कोट, बोचकं मांडीवर. कोर्टाचा प्रवेश आला. उस्तादांनी हात वर केला. "न्यायमूर्ती, माझा पहिला साक्षीदार..."

शहाता उठायला गेला, पण बोचकं सावरताना खोळंबला.

पिंजऱ्यातून उस्ताद त्याच्याकडे बघत होते. "आज उशीर केलात, साहेब," ते म्हणाले.

लोक हसले. प्रॉम्प्टर ओरडला. शहाता मधल्या वाटेत उभा राहून डोळे बारीक करून उस्तादांना निरखत राहिला. आणि रंगमंचावर मादाम इन्शिराह आपलं वाक्य विसरून नवऱ्याकडे तशाच बघत राहिल्या.