पिवळा चौदा

आज पुढची झाडं नोंदवायला आलो, तर खिरणीच्या बुंध्यावर माझ्या हातचा पिवळा चौदा अजून ठसठशीत आहे. त्याच्या वर झाडच नाही. हातभर खुंट उरलाय आणि कापलेल्या जागी पांढरा चीक सुकलाय.

दुर्मीळ रानफळांच्या नोंदणीत या डोंगरात सापडलेली ही एकुलती एक खिरणी. दाखवली होती इथल्याच वाडीतल्या सोनूबाईंनी. त्या लहानपणापासून तिची फळं खात आलेल्या. जपायचं झाड म्हणून मीच रंगाने आकडा घातला. मग रस्ता रुंद करणारे आले. तोडायच्या झाडांवर तेही आकडेच घालतात. दिसला आकडा की चालवली करवत.

"कुणी अडवलं कसं नाही त्यांना?" मी ओरडलोच.

सोबत आलेल्या सोनूबाई माझ्याहून मोठ्याने म्हणाल्या, "आकडा तुमीच घातला नव्हं? आमाला वाटलं, तुमीच इकलं."

संतापू तरी कुणावर? करवतवाल्याने निदान आकडा वाचला. मी उंची लिहिली, घेर लिहिला, अक्षांश-रेखांश लिहिले आणि हे सगळं कशासाठी, ते या बाईंना एका शब्दाने सांगितलं नाही. झाड वाचवायचं म्हटलं की आधी त्याच्या अंगावर लिहायची ही कसली खाज आम्हाला!

"आणखी कुठे आहे का हो खिरणी?" शेवटी मी विचारलं.

सोनूबाईंनी माझ्या हातातल्या रंगाच्या डब्याकडे पाहिलं.

"हाय," त्या म्हणाल्या. "पर तुमाला न्हाय दाखवायची."