बोअरचं पाणी आणि सातवीचा वर्ग

निरवांगीच्या बाजूला एका शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवत होते. पाठ झाला की मुलांनी त्यावर एक तरी शंका काढायची, ही माझी सक्ती. सुरुवातीला मुलं गाईडमधलेच प्रश्न वाचून दाखवायची. मी त्यांना परत खाली बसवायची.

पाण्याच्या धड्याला एक मुलगी उठली. शुद्ध पाण्याला वास नसतो, तर आमच्या वस्तीवरच्या बोअरच्या पाण्याला का येतो, असं तिनं विचारलं. मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं आणि सगळ्यांना घरून पाण्याच्या बाटल्या आणायला लावल्या. ओढ्याकडेच्या वस्त्यांचंच पाणी घाण मारत होतं. त्या ओढ्यात वरच्या कारखान्याचं सांडपाणी येतं, हे मुलांनीच जुळवलं. खात्री करायची तर पाणी तपासून घ्यावं लागेल, मी म्हणाले. कुणाला सांगायचं, तिनं विचारलं. ग्रामपंचायतीला, मी सांगितलं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की आमच्याकडे ग्रामसभा शाळेच्याच पटांगणात भरते. मुलं खाऊसाठी थांबलेली असतात. सभा संपत आली तेव्हा ती उभी राहिली. बोअरचं पाणी कधी तपासणार, असं विचारलं. ओढ्याचंही बोलली.

"बाईंनी झ्याक पढवलंय की," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. सरपंचांनी बघू म्हटलं आणि खाऊ वाटायला सांगितला. फक्त तिचे वडील हसले नाहीत. ते त्याच कारखान्यात कंत्राटी फिटर होते.

त्याच आठवड्यात त्यांना कामावर येऊ नका म्हणून निरोप आला. मग एका सकाळी ते तिचा दाखला मागायला आले. बसा म्हटलं, बसले नाहीत. साहेबाच्या पाया पडून आले होते. परत घेतो म्हणाला होता, पण पोरीचं तोंड आवरलं तर.

तिला बावड्याला मामाकडे घरकामाला धाडणार होते. शाळा नाहीच. मी बराच वेळ वाद घातला. शेवटी ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे हितंच. पर बाई, तिला शिकवा, इचारायला नका शिकवू."

मी हो म्हणाले. शाळा सुटण्यापेक्षा ते बरं. मधल्या सुट्टीत तिला बोलावलं आणि यापुढे वर्गात किंवा बाहेर काही विचारायचं नाही, असं सांगितलं.

"बरं बाई," ती म्हणाली. का, ते तिनं विचारलं नाही.